बॅटरीचे विज्ञान कोणाचे आणि धूळ कोणाच्या छातीत?

मोबाईलपासून विजेच्या रिक्षापर्यंत सर्वत्र आज लिथियम-आयन बॅटरी आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन बॅटरीच्या ज्या टोकात शिरून बसतात, त्याला ॲनोड म्हणतात. 1991 साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून ॲनोड मुख्यतः कार्बनचाच आहे. एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये 372 मिलीअँपिअर-तास वीज साठते, सिलिकॉनमध्ये त्याच्या जवळजवळ दहापट. परंतु लिथियम पोटात घेताना सिलिकॉन चौपटीपर्यंत फुगतो आणि तडकतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे नॅनो कण बनवतात. सुमारे 150 नॅनोमीटरपेक्षा लहान कण फुगूनही फुटत नाही. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

या विज्ञानाला आमचा विरोध नाही. 1943 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, तो गरिबांना दारिद्र्यातून बाहेर काढण्यासाठी. प्रश्न आहे तो विज्ञानाची किंमत कोण मोजतो हा.

बोईसर-तारापूरने ही किंमत मोजली आहे. 1969 पासून तारापूरची अणुवीज देशाला मिळाली, पुढे तिच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुणांसह तारापूर देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. समुद्र नासला म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले.

उद्या ॲनोडचा कारखाना इथे आला तर? सिलिकॉनचे नॅनो कण बनवण्याच्या एका पद्धतीत सिलेन वायू लागतो, जो हवा लागताच पेटतो. ग्रॅफाइट शुद्ध करताना अनेक ठिकाणी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, जे कातडीतून हाडापर्यंत जाते. आणि नॅनो धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचते.

इथेच कायद्याची उणीव आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने हवेतील धुळीची मर्यादा प्रामुख्याने वजनात ठरवली. नॅनो कणांचे वजन नगण्य, संख्या मात्र अफाट. तराजूत धूळ 'मर्यादेत' आणि कामगाराच्या छातीत अमर्याद, असा हा न्याय! 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला देण्याचे बंधन तिच्यातही आहे. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावरील आदिवासी वा दलित मजुराला ती माहिती त्याच्या भाषेत कोण देतो?

डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेतील संशोधनाच्या आधारे केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. म्हणजे हे ज्ञान आपल्या राज्यातच घडते आहे. पुण्यात संशोधक आणि बोईसरला गोणी उचलणारा, ही कामाची वाटणी जातीच्या उतरंडीसारखीच राहणार का?

आमच्या मागण्या तीन. नॅनो कणांची मर्यादा संख्येवरही ठरवा. कारखान्याच्या परवानगीआधीची जनसुनावणी मराठीत आणि गावातच घ्या. आणि पालघरच्या मुलामुलींसाठी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची, संशोधन शिष्यवृत्तीची सोय करा. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले की प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी. पण भरपाई मेल्यावर मिळते. आपल्याला हक्क आधी हवा आहे, आणि तो मागण्यासाठी कार्यकर्त्यांनी आता कायद्याबरोबर रसायनही शिकले पाहिजे.