जखमी कामगार आणि कामाची तपासणी

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार प्राणास मुकले. अशा दुर्घटनेनंतर मृतांची संख्या छापली जाते, चौकशी होते, मदतीच्या रकमा जाहीर होतात. जखमी म्हणून ज्यांची नोंद होते, ते पुढे कामावर परतले की नाही, याची बातमी मात्र सहसा होत नाही. मोठ्या दुर्घटनेची ही गत. मग साकोलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राईस मिलच्या पट्ट्यात बोटे सापडलेल्या किंवा थप्पीवरून घसरून कंबर दुखावलेल्या मजुराची दखल कोण घेणार?

कायद्याने अशा मजुराला वाऱ्यावर सोडलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने प्रत्येक अवयवाचा हिशेब मांडला. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्क्यांनी, असा त्याचा तक्ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला. रीत तीच राहिली. या हिशेबात गेलेल्या अवयवाची किंमत होते. उरलेल्या माणसाचे काय करावयाचे, याचे उत्तर त्यात नाही.

अवयव आणि कमाई यांचे नाते कामावाचून ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सांगितले आहे. डावा हात गमावलेल्या एका सुताराचे नुकसान तक्त्याच्या आधारे अंशतः धरावे, असा मालकाचा आग्रह होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या कामापुरते नुकसान शंभर टक्के, असा निर्णय न्यायालयाने दिला. तोच हात एखाद्या कारकुनाने गमावला असता तर उत्तर निराळे आले असते. तात्पर्य, जखमेबरोबर कामही तपासले पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते? डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, ‘हलके काम द्यावे.’ पण मिलमधले हलके काम कोणते, हे डॉक्टरांनी पाहिलेले नसते आणि मुकादमाला कोणी विचारलेले नसते. झाडू मारणे हलके खरे; पण तो झाडू चालत्या पट्ट्याखाली मारावयाचा असेल, तर ताठरलेल्या बोटांच्या माणसासाठी ते सर्वांत धोक्याचे काम ठरते. उलट काट्यावर वजनाची नोंद करणे हे कंबर दुखावलेल्या हमालाला जमण्याजोगे असते. त्यासाठी आधी कामाचे तुकडे पाडावे लागतात. किती वेळ उभे राहावे लागते, किती वजन किती उंचीवर चढवावे लागते, पकड किती घट्ट लागते, यंत्र किती जवळ आहे, धूळ किती आहे, हे प्रश्न कामाच्या जागी उभे राहून विचारावे लागतात. मग डॉक्टरांचा अहवाल त्यापुढे ठेवावयाचा, काही आठवडे कमी तास व कमी वजन ठरवावयाचे आणि ठरल्या दिवशी फेरतपासणी करावयाची. यात अवघड असे काही नाही.

सरकारी आस्थापनांतील नोकरांना मोठा आधार आहे. सेवेत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. एस.टी.चा चालक असो वा अनुदानित शाळेतील शिक्षक, या कायद्याचे छत्र त्याच्यावर आहे. पण येथेही पद वाचते, एवढेच. गुडघा मोडलेल्या शिक्षकाचा वर्ग वरच्या मजल्यावरच राहिला, तर वाचलेले पद रोजची शिक्षा होऊन बसते.

खाजगी मिलमधील मजुराला तेवढेही संरक्षण नाही. तात्पुरत्या अपंगत्वात कामगार विमा योजनेतील कामगाराला सुमारे ९० टक्के वेतन मिळते. त्या योजनेबाहेरच्याला दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे एकूण निम्मेच वेतन. शिवाय हमालाची मजुरी पोत्यांवर मोजली जाते. अर्धी पोती उचलली तर अर्धी मजुरी. म्हणून जखम पुरती भरण्याआधीच तो पुन्हा पन्नास किलोचे पोते पाठीवर घेतो आणि दुसऱ्या दुखापतीची पायाभरणी होते. बेफिकिरीचा आरोप त्याच्यावर करणे सोपे आहे. त्याच्या घरचा हिशेब पाहिला तर तो करवत नाही.

हंगामी धंद्याला असले सोपस्कार परवडणार नाहीत, असे मालक म्हणतील. परंतु पट्टा, चाळणी, बॉयलर यांची सवय झालेला माणूस गमावून नवखा घेण्याची किंमत कोणत्या खातेवहीत लिहिली जाते? वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याशी त्याच्या परतीविषयी विचारविनिमय करण्याचे बंधन जर्मनीच्या कायद्याने मालकावर घातले आहे. तेथील उद्योग त्यामुळे बुडाले नाहीत.

साकोलीला जर्मनीची यंत्रणा नको. सरकारी रुग्णालयाचे डॉक्टर, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा यंत्र जाणणारा निदेशक, मुकादम आणि स्वतः कामगार, एवढी चार माणसे तासभर कामाच्या जागी एकत्र आली तरी पुष्कळ झाले. त्यांनी भरलेला एक पानाचा तक्ता हाती असल्याखेरीज कोणाही जखमी कामगाराला यंत्राजवळ उभे करू नये आणि मधल्या काळातील मजुरीची तूट मालकाने भरून द्यावी, असा नियम राज्य शासनाने केला पाहिजे. भरपाईने कामगाराचे काही महिने निघतात. पुढची वीस वर्षे त्याला कामावरच काढावयाची असतात.