खसखशीचे तेल : घ्यावे की न घ्यावे?



मागच्या महिन्यात आमच्या चाळीतली एक सून हातात छोटीशी बाटली घेऊन आली. म्हणाली, "ताई, हे खसखशीचं तेल. बाळ रात्रभर जागतं. चार थेंब पाजले की निजेल, असं दुकानदार म्हणाला. देऊ का?" बाटलीची किंमत ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. घरधन्याची दोन दिवसांची मजुरी त्या बाटलीत गेली होती. मी तिला म्हटले, "बाळाच्या तोंडात एक थेंबही घालू नकोस. बस, बाकीचे सांगते." ते बाकीचे आज तुम्हा सर्वांनाच सांगते.

खसखस अफूच्या झाडाची, म्हणून तिच्या तेलाने झोप येते, असा पुष्कळांचा समज आहे. पण अफू आणि खसखस एकाच बोंडात असली तरी एक नव्हेत. बोंड हिरवे असताना त्याला चिरा देतात. त्यातून जो चीक गळतो, ती अफू. बोंड वाळल्यावर आतून जे बी निघते, ती खसखस. गुंगीचे द्रव्य चिकात आणि बोंडाच्या सालीत असते. बियांना वरून चीक लागलेला असेल तेवढाच त्याचा अंश, आणि तेलात तर त्याहून कमी. म्हणजे शुद्ध तेलाने नशा येत नाही, तसेच ते झोपेचे औषधही नव्हे.

आपल्या देशात ही शेती सरकारी परवान्यानेच होते. मध्य प्रदेशात मंदसौर, नीमच आणि राजस्थानात चित्तोडगड हे तिचे मोठे भाग. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्याशिवाय वाळकी बोंडे बाळगणे गुन्हा आहे, खसखस बाळगणे नाही. मात्र घरातले कुणी दुबईला किंवा सौदीला कामाला निघाले असेल, तर त्याच्या पिशवीत खसखस किंवा खसखस घातलेला मसाला, लाडू देऊ नका. तिकडे खसखशीलाही बंदी आहे. आईच्या मायेपायी पोरगा तुरुंगात जायचा.

आता तेलाचे गुण पाहू. खसखशीत जवळजवळ निम्मे तेल असते. घाण्यावर काढलेले तेल फिकट पिवळे, चवीला सौम्य लागते. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असते. शरीराला ते लागते, पण शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. अन्नातूनच मिळवावे लागते. हा गुण खरा. पण तेच आम्ल आपल्या करडईच्या तेलातही तेवढेच भरपूर असते, आणि करडई कितीतरी स्वस्त पडते. मग दोन दिवसांची मजुरी कशाला घालवायची?

"खसखशीत कॅल्शियम असते, हाडांना चांगले," असेही विकणारा सांगतो. शंभर ग्रॅम खसखशीत सुमारे १४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरे. पण ते तेलात उतरत नाही. कॅल्शियम, प्रथिने, चोथा, सारे पेंडीत राहते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आपण खसखस भाजून घालतो, वाटणात वाटून घालतो, ते म्हणूनच बरे. आणि रोजच्या कॅल्शियमला नाचणीची भाकरी आहेच. चमचाभर खसखशीपेक्षा एका भाकरीतून ते जास्त मिळते.

या तेलाचा आणखी एक गुण आहे. पातळ पसरले की हवा लागून ते हळूहळू सुकते आणि त्याचा पापुद्रा धरतो. म्हणून चित्रकार ते रंगात कालवतात. जवसाच्या तेलापेक्षा ते कमी पिवळे पडते, त्यामुळे पांढऱ्या रंगाला विशेष चांगले. अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरात बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती होत्या. २००१ साली तालिबानने त्या सुरुंग लावून उडविल्या. पण तिथल्या लेण्यांतली काही चित्रे उरली. शास्त्रज्ञांनी त्यांचे रंग तपासले आणि २००८ साली जाहीर केले, की ५० पैकी १२ लेण्यांतले रंग तेलात कालवलेले आहेत, आणि ते तेल अक्रोडाचे किंवा खसखशीचे असावे. ही चित्रे सातव्या शतकातली. युरोपात तैलचित्रे रूढ झाली, ती त्यानंतर कित्येक शतकांनी!

पण जो गुण भिंतीवर रंग धरून ठेवतो, तोच स्वयंपाकघरात अडचणीचा होतो. हवा लागली की हे तेल लवकर खवट होते. म्हणून कुणी भेट दिलेच, तर बाटली घट्ट झाकून अंधारात, गार जागी ठेवा. तळणाला किंवा फोडणीला वापरू नका. कोशिंबिरीवर, कोरड्या चटणीवर वरून चमचाभर घ्या. वास बदलला तर टाकून द्या. थोरामोठ्यांच्या अंगाला चोळले तर त्वचा मऊ राहते, एवढेच.

आता तान्ह्या मुलाचे. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया अंगावरच्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. त्या निर्दय नव्हत्या. मूल सांभाळायला कुणी नव्हते आणि खाडा परवडत नव्हता. बाळंतिणीला भत्त्याची सुटी देणारा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला. त्या विधेयकाला १९२८ साली बाबासाहेबांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. आता आपण पुन्हा त्या गोळीच्या वाटेला जायचे नाही. अफू किंवा बोंडाचा काढा दिल्यास बाळाचा श्वास मंदावतो, जीवही जातो. साधे तेलसुद्धा ठसका लागून फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. बाळाने असे काही घेतले असेल आणि ते मलूल पडले, उठवून उठत नसेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, तर १०८ ला फोन करा. पाजलेली बाटली बरोबर न्या. काय पाजले ते लपवू नका, डॉक्टर रागावले तरी चालेल.

त्या सुनेचे बाळ दोन महिन्यांचे. त्याचे पोट ते केवढे! भुकेने ते रात्री दोन-तीनदा उठणारच. तो आजार नव्हे. मी तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितले, "दूध पाजणे हिचे काम, ढेकर काढणे, लंगोट बदलणे तुझे." आता दोघेही थोडे थोडे झोपतात. बाटलीतले तेल जवसाच्या चटणीवर संपले.

जयभीम.