बिंदूचा जप आणि डोळ्याची साक्ष

भौमितिक अमूर्त चित्राशी मराठी कलासमीक्षेने एक सोयीचा करार केलेला आहे. वर्तुळ दिसले की बिंदू म्हणावे, त्रिकोण दिसला की शिवशक्ती आठवावी, आणि मग रंगांविषयी, कडांविषयी, दोन आकारांमधल्या अंतराविषयी काही बोलण्याचे कारण उरू नये. अमूर्तता ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, असा आरोप झाला की तंत्रपरंपरेचा दाखला पुढे करता येतो. देशीपणाचे प्रमाणपत्र हाती असतेच. आरोप करणारा आणि बचाव करणारा, दोघांनाही चित्र पाहावे लागत नाही, ही यातली खरी गंमत.

सैयद हैदर रझा हे याचे ठळक उदाहरण. नागपूरच्या कलाशाळेत आणि पुढे जे. जे.मध्ये शिकून रझा 1950 मध्ये फ्रान्सला गेले. बिंदू त्यांच्या चित्राच्या केंद्रस्थानी आला तो त्यानंतर सुमारे तीन दशकांनी. दरम्यान अजित मुखर्जींचे ‘तंत्र आर्ट’ 1966 मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि 1985 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ‘निओ-तंत्र’ या नावाने भारतीय चित्रांचे प्रदर्शन भरले. आदिम वारसा म्हणून जे मिरवले जाते त्याची प्रदर्शनयोग्य आवृत्ती इतकी अलीकडची आहे. रझांची स्वतःची आठवण मात्र साधी होती: चंचल विद्यार्थ्याचे लक्ष स्थिर व्हावे म्हणून शिक्षकाने एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत राहायला सांगितले. हा पाहण्याचा धडा होता. समीक्षेने त्यातले पाहणे वगळून ब्रह्म तेवढे उचलले. रझांनीही त्या ठिपक्याला पुढे विश्वोत्पत्तीचे तत्त्वज्ञान जोडले, हे मान्य. पण चित्रकाराचे निवेदन हा चित्राचा पुरावा नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच आळशी आहे. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन गाजले आणि ‘ऑप आर्ट’ म्हणजे डोळ्यांची फसवणूक, जत्रेतला खेळ, असा शेरा कायमचा चिकटला. ब्रिजेट रायलीच्या 1961 मधील ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’मध्ये काळे-पांढरे चौकोन उभ्या पट्टीने अरुंद होत जातात आणि सपाट पृष्ठभाग मध्येच आत दुमडल्यासारखा वाटतो. येथे फसवले कोणाला जाते? पृष्ठभाग सपाट आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरीही घडी दिसतच राहते. जाणणे आणि दिसणे यांतली ही फट कोणत्याही प्रतीकाने बुजत नाही. सपाटपणाचे कट्टर समर्थक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनाही कबूल करावे लागले होते की कॅनव्हासवरची पहिली खूणच त्याचा सपाटपणा मोडते.

मराठी सौंदर्यशास्त्राकडे याची परिभाषा होती. चित्राचे माध्यम म्हणजे दृक्संवेदना आणि चित्राचे सौंदर्य म्हणजे त्या संवेदनांमधले संवाद, विरोध, समतोल या लयींचे संबंध, अशी मांडणी मर्ढेकरांनी केली. मात्र तीत संवेदना आधी आणि संबंध नंतर, असे गृहीत धरले जाते. भौमितिक चित्र नेमके हेच गृहीतक हलवते. एकच करडा रंग काळ्याशेजारी उजळ दिसतो, पांढऱ्याशेजारी मळकट. संबंधाआधीची शुद्ध संवेदना दाखवताच येत नाही. जोसेफ आल्बर्स यांनी 1950 पासून चौकोनात चौकोन रंगवत चौथाई शतक याच प्रश्नात घालवले. मर्ढेकरांशी खरा वाद येथे घालता आला असता. तो घालण्याऐवजी आमची समीक्षा श्रीयंत्राकडे वळली.

या प्रश्नाचा उगम स्टुडिओत नाही, कापडात आहे. फ्रान्समधील गोबेलँ येथील राजकीय वस्त्रशाळेत रंगाईचा प्रमुख असलेल्या शेवर्‍योलकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात आहे, असे त्याने शोधले आणि 1839 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. प्रभाकर बरवे 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करत होते. त्या वर्षांविषयी बोलताना समीक्षेला वाराणसीतले तंत्र आठवते. माग आठवत नाही.

आणि म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीचा दाखला अस्थानी ठरू नये. आर्णी, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यातील तांड्यांवर वयस्क बंजारा स्त्रियांचा फेटिया आणि कांचळी अजून पाहायला मिळते. लाल भुईवर पिवळे, निळे, हिरवे चौकोन आणि त्रिकोण एकमेकांना असे भिडवलेले असतात की कडा थरथरतात. मध्ये शिवलेले आरसे चालण्याबरोबर प्रकाश हलवतात आणि आकृती क्षणभरही एका जागी ठरत नाही. कोणती कड कोणत्या रंगाला भिडवावी, हा निर्णय टाक्याटाक्याला घ्यावा लागतो. तो दृक्-निर्णय आहे, रायलीच्या निर्णयाच्या जातीचा. रायलीच्या चित्रांवरून बेतलेले पोशाख न्यूयॉर्कच्या दुकानांत पाहून ती संतापली होती. फेटियावरच्या चौकोनांना कॅनव्हासवर जायचे असते तर तिथे त्यांची गणना ‘प्रेरणास्रोत’ म्हणून झाली असती.

देशीयतेचा एवढा पुकारा करणाऱ्या समीक्षेने या कापडाला हस्तकलेच्या दालनात ठेवले आणि संस्कृत नाव मिळालेल्या वर्तुळाला तत्त्वज्ञानाच्या. फरक भूमितीचा नाही, चातुर्याचाही नाही. एकीला पोथीचा आधार आहे, दुसरीला नाही, एवढाच आहे. आणि कोणाच्या हाती पोथी होती, कोणाच्या हाती सुई, हे सांगण्यासाठी सौंदर्यशास्त्र लागत नाही.