पाहुणचारापलीकडचा देश

आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी बहुधा पासपोर्ट, भाषण आणि लोकनृत्याची तालीम एवढ्यावरच संपते. यजमान देशाची भाषा, इतिहास व जनजीवन यांचा परिचय करून देणे संघटनांना अगत्याचे वाटत नाही. ही उदासीनता महागात पडते.

१९५७ चा मॉस्को येथील जागतिक युवक-विद्यार्थी महोत्सव या दृष्टीने उद्बोधक आहे. २८ जुलै ते ११ ऑगस्ट या पंधरवड्यात सुमारे १३० देशांतील ३४ हजार तरुण तेथे जमले. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्याला तेव्हा वर्षही लोटले नव्हते. यजमानांनी आखलेले सोहळे भव्य होते. परंतु महोत्सवाचे खरे मोल रस्त्यावर ठरले. मॉस्कोचे सामान्य नागरिक आणि परदेशी तरुण तेथे रात्री उशिरापर्यंत गात, नाचत आणि वाद घालत राहिले. हंगेरीविषयीचे अडचणीचे प्रश्नही तेथेच विचारले गेले. मात्र असा संवाद दुभाष्याच्या मध्यस्थीने फार पुढे जात नाही.

म्हणून प्रस्थानापूर्वी प्रतिनिधींचे अभ्यासवर्ग झाले पाहिजेत. नित्याच्या व्यवहारापुरती भाषा, त्या देशाच्या श्रमिकांचा इतिहास आणि सत्तेला न रुचणारे तेथील साहित्य यांची ओळख त्यांत व्हावी. परिषदेनंतर बाजार, कारखाने, गानसभा पाहण्यास मोकळे दिवस ठेवावेत. संस्कृतीचा आस्वाद घेणे ही चैन नव्हे. परक्या जनतेशी बंधुत्व जोडण्याची ती पहिली पायरी आहे. कार्यकर्त्यांच्या वर्गणीतून गेलेल्या प्रतिनिधीने परतताना यजमान सरकारचे प्रशस्तिपत्रक नव्हे, तेथील जनतेचे सुखदुःख आणले पाहिजे.