'प्रेशर नाही' म्हणण्याआधी गेज बघा

आज थोडं कडू लिहितोय. राग आला तर येऊ द्या, पण पूर्ण वाचा.

आपल्याकडे पाण्याच्या कुठल्याही दुखण्याला एकच नाव आहे, 'प्रेशर नाही'. मोटर पाणी कमी उचलते, प्रेशर नाही. शेवटच्या ओळी पिवळ्या पडल्या, प्रेशर नाही. आणि औषधही एकच, एचपी वाढवा. दुकानदार खूश, आपण कर्जात.

मीही हेच केलंय. उसाच्या ठिबकात शेवटच्या पंधरा-वीस ओळी कायम बारीक राहायच्या. दुकानात गेलो, 'प्रेशर कमी पडतंय' म्हणालो. त्यानं ना शेत बघितलं, ना फिल्टर. पाच काढून साडेसात एचपी बसवून दिली. आठ दिवसांत सुरुवातीच्या लॅटरल टेकऑफमधून निसटायला लागल्या आणि शेवटच्या ओळी होत्या तशाच पिवळ्या.

मग शेजाऱ्याचं प्रेशर गेज मागून आणलं. फिल्टरच्या पुढं 3 किलो, मागं 1.8. म्हणजे 1.2 किलो दाब एकटा फिल्टरच खात होता! पुढं सबमेनवर पहिल्या लॅटरलला 1.6 आणि शेवटच्या लॅटरलला 0.4. चकत्या काढल्या तर शेवाळ आणि गाळानं गच्च. त्यात 63 मिमीच्या एकाच पाइपावर मी दोन सेक्शन एकदम चालवत होतो. चकत्या धुतल्या, सेक्शन वेगळे केले, जुनी पाच एचपी परत बसवली. पुढं 1.3, शेवटी 1.0. खर्च शून्य. मोटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तर दाब म्हणजे काय? एवढ्याएवढ्या जागेवर पाणी किती जोर लावतं, तो दाब. आपण 'किलो' म्हणतो ते अर्धंच आहे, पूर्ण शब्द 'किलो प्रति चौरस सेंटिमीटर'. पाण्याचा 10 मीटर उंच खांब तळाशी साधारण 1 किलो दाब देतो. खांब जाड की बारीक, याचा काही संबंध नाही. म्हणून 3 मीटर उंचीवर दोनशे लिटरचा ड्रम ठेवा नाहीतर पाच हजार लिटरची टाकी, पातळी तीच असेल तर खालच्या कॉकला दाब 0.3 किलोच. टाकी मोठी केली की पाणी जास्त वेळ पुरतं, दाब वाढत नाही.

आणि प्रवाह वेगळा. सेकंदाला किती लिटर, तो प्रवाह. कॉक पूर्ण बंद करून मोटर क्षणभर चालवा, गेजचा काटा वर चढेल आणि पाणी मात्र थेंबभरही पुढं जाणार नाही. दाब आहे, प्रवाह नाही. उलट, उघड्या पाइपातून हौदात भसाभस पाणी पडतं तेव्हा आपण म्हणतो 'काय प्रेशर आहे!' अहो, त्या तोंडाशी गेज लावलं तर काटा शून्यावर. प्रवाह भरपूर, दाब नाही. इतक्या उलट्या दोन गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि मग खरेदी चुकते.

कुणी म्हणेल, 'शब्दानं काय फरक पडतो? पिकाला पाणी मिळाल्याशी मतलब.' फरक पडतो. साध्या ड्रीपरला दाब चौपट झाला की पाणी दुप्पट होतं. माझ्या शेतात 1.6 आणि 0.4, म्हणजे पुढच्या उसाला मागच्याच्या दुप्पट पाणी. पाण्यातून सोडलेला युरियाही दुप्पट. पुढं खत मुळांखाली वाहून जायचं, मागं उपाशी. आणि मी दोष देत होतो बेण्याला!

आता कृषी सल्लागार मंडळींना हात जोडून. 'रोज एक तास ठिबक चालवा' असं वेळापत्रक तुम्ही देता. कुठल्या दाबाला एक तास? ताशी 4 लिटरचा ड्रीपर 1 किलोला 4 लिटर देतो, 0.4 ला अडीचच. दाब न विचारता तास सांगणं म्हणजे बीपी न मोजता गोळी देणं. 'शेतकऱ्याला हे कळत नाही' हे तर बोलूच नका. जो शेतकरी पीएच, ईसी आणि पीपीएम रोज बोलतो, त्याला दाब कळणार नाही?

आता आपल्या माणसांना. एचपी म्हणजे दाब नाही. मोटरीच्या पाटीवर हेड मीटरमध्ये आणि डिस्चार्ज लिटरमध्ये लिहिलेला असतो, तो वाचा. त्याच एचपीत हेड जास्त घेतलं तर पाणी कमी मिळणार. पाइपावर 4 किलो, 6 किलो छापलेलं असतं ते वजन नाही, तो पाइप किती दाबाला चालतो ते आहे. तेवढंच पाणी 63 ऐवजी 75 मिमीतून नेलं तर घर्षणात जाणारा दाब निम्म्याहून कमी होतो. कित्येकदा मोटरीपेक्षा पाइप बदलणं स्वस्त पडतं.

कधी मोटर खरंच कमी पडते, व्होल्टेज पडतं, विहिरीची पातळी खाली जाते. मान्य. पण ते मोजून ठरवा. चार जागी मोजा: फिल्टरच्या पुढं, फिल्टरच्या मागं, पहिली लॅटरल, शेवटची लॅटरल. फिल्टरच्या दोन्ही बाजूंत अर्ध्या किलोच्या वर फरक दिसला की आधी फिल्टर धुवा, मग दुकानाची वाट धरा. आणि दुकानदार 'प्रेशर कमी आहे' म्हणाला तर एकच विचारा: 'किती आहे आणि किती पाहिजे?' आकडा सांगता आला नाही तर पाकीट खिशातच ठेवा.

उद्या वीज आली की आधी गेज बघा. तुमचे चार आकडे कमेंटमध्ये टाका, मिळून बघू.