पपईचा चीक आणि रक्ताची जुळणी

जून मटण शिजवण्याआधी किंवा कबाबाच्या खिम्याला आपल्या घरांत कच्ची पपई वाटून लावतात. पपईच्या चिकातील पपेन हे विकर (एन्झाइम) प्रथिने तोडते, म्हणून मांस मऊ होते. हेच पपेन रक्ततपासणीतही वापरतात. सूरह अत्-तीनमध्ये ज्या अंजिराचा उल्लेख आहे, त्याच्या चिकातील फिसिनही याच कामी येते.

ते काम कोणते? लाल पेशींवर ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींपासून दूर राहतात. काही प्रतिपिंडे इतकी आखूड असतात की पेशींना चिकटूनही दोन पेशींना जोडू शकत नाहीत. मग गुठळी होत नाही आणि धोका नजरेआड राहतो. विकर पेशीवरील काही प्रथिने कापते. त्यामुळे भार घटतो, पेशी जवळ येतात आणि झाकलेले प्रतिजनही उघडे पडतात. ट्रिप्सिन या विकराने आरएच प्रतिपिंडे अशी पकडता येतात, हे मॉर्टन आणि पिकल्स यांनी १९४७ साली दाखवले.

मात्र हा उपाय सरसकट चालत नाही. आरएच आणि किड गटांची प्रतिक्रिया ठळक होते. डफी, एम आणि एन यांचे प्रतिजन विकराने कापले जातात व प्रतिक्रियाच नाहीशी होते. केल गटावर परिणाम होत नाही. म्हणून विकर लावून आणि न लावता, अशा दोन्ही चाचण्यांची तुलना करतात. त्यांतील फरकावरून प्रतिपिंडाचा माग लागतो.

आता आपल्या घरचा प्रश्न. “गट जुळतो ना, मग रक्त द्यायला उशीर का?” असा वाद आपण रक्तपेढीत घालतो. थॅलेसेमियाच्या मुलाला वारंवार रक्त लागते, तर आईच्या शरीरात बाळंतपणानंतरही प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. किड गटाची प्रतिपिंडे काही महिन्यांनी इतकी घटतात की चाचणीत दिसतही नाहीत. पुन्हा तसेच रक्त मिळाले, की ती काही दिवसांत वाढून नव्या पेशी फोडतात.

म्हणून पूर्वी रक्त घेतले असल्यास, बाळंतपण वा गर्भपात झाला असल्यास आपण ते न लाजता सांगावे. प्रतिपिंड आढळल्याचा कागद रेशनकार्डाइतकाच जपावा आणि प्रत्येक वेळी दाखवावा. त्या तासाभराच्या उशिरात आपल्याच माणसाचा जीव राखला जात असतो. अल्लाह सर्वांना आरोग्य देवो. आमीन.