लोकेशन द्यावे, पण पाळत नको

रात्री दोन वाजता अब्बांच्या छातीत कळ येते. १०८ ला फोन लागतो, पलीकडून विचारले जाते, "पत्ता सांगा." आपण अडखळतो. मशिदीमागची गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर, हिरवा जिना. मोहल्ल्यातल्या माणसाला एवढे पुरते. दुसऱ्या भागातून निघालेल्या ड्रायव्हरला नाही.

इथे खिशातला फोन कामी येतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी मोबाइलमध्ये पॅनिक बटण आणि जीपीएस सक्तीचे केले. त्यानुसार स्मार्टफोनचे पॉवर बटण झटपट तीनदा दाबले, किंवा साध्या फोनवर ५ वा ९ चे बटण दाबून धरले, की मदतीचा कॉल जातो. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. '११२ इंडिया' ॲपमधून मदत मागितली, तर आपले ठिकाणही सोबत जाते. नुसत्या टॉवरवरून अख्खा परिसर कळतो. जीपीएस मोकळ्या जागेत काही मीटरपर्यंत पोचवते.

तरीही अनेक तरुण म्हणतात, "आमचे लोकेशन सरकारला कशाला?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. संशयाच्या नजरेची सवय झालेल्या समाजाला तो पडणारच. पण त्याचे उत्तर लोकेशन कायमचे बंद ठेवणे हे नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. म्हणून आपली मागणी नेमकी हवी: संकटात दिलेले ठिकाण त्या संकटापुरतेच वापरले जावे. व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशनसुद्धा १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांनी आपोआप थांबते. मग सरकारी यंत्रणेलाही अशी मुदत का नसावी?

आणि एवढ्याने काम संपत नाही. अरुंद गल्लीत जीपीएस चुकते, मजला तर नकाशावर दिसतच नाही. शेवटचे पन्नास पावलांचे अंतर माणसानेच पार करायचे असते. गल्लीच्या तोंडाशी कोणी उभे राहायचे, दुचाक्या कोणी हटवायच्या, हे आधीच ठरवून ठेवा. प्रत्येक गल्लीला नाव आणि घराला क्रमांक मिळावा, यासाठी नगरसेवकाकडे अर्ज द्या.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या फोनमधली आणीबाणीची सेटिंग तपासा. काही फोनांत बटणाची पद्धत वेगळी असते. मग अम्मीचा फोन घ्या आणि तिलाही शिकवा. गरज पडेल तेव्हा घरात ती एकटी असू शकते.